पक्याला, बर्लिनहून: माझा गंधार हलतोय

पक्या,

व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून मेल. इतके महिने गप्प होतो त्याबद्दल शिव्या नंतर घाल. तब्येत बरी, शुगर आहे तिथेच, इथे चारला अंधार.

मुद्दा असा की माझा गंधार, तोच आपला ग, हलतोय. हसू नकोस, हे बायकोला सांगून झालं, ती म्हणाली डॉक्टरला दाखव.

इथल्या चर्चच्या हौशी क्वायरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या चमूत, मी बेसला, सगळ्यात खालच्या आवाजांत, उभा राहतो ते तुला माहितीये. यंदा ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी तिसऱ्या रविवारी आर्व्हो पॅर्टचे सात मॅग्निफिकाट अँटिफोन गायचेत. माणूस एस्टोनियाचा, 1980 मध्ये सोव्हिएत राज्य सोडून निघाला आणि पुढे बरीच वर्षं इथेच बर्लिनला राहिला, 1988 मध्ये इथल्याच रिआस कामरकोर या क्वायरसाठी हे लिहिलं. चर्चमध्ये 17 ते 23 डिसेंबर रोज संध्याकाळी एकेक म्हणायची ही जुनी लॅटिन प्रार्थना, त्याने जर्मनमध्ये घेतलीये. सातही 'ओ'ने सुरू होतात, हाकच ती. साथीला काहीही नाही. ऑर्गन नाही, पेटी नाही, तुझ्यासारखा मधेच तिहाई घुसडणारा कोणी नाही.

आणि त्याची पद्धत ऐक. एक आवाज सुरावळीत पायरी-पायरीने चालतो, त्याच्या जोडीचा दुसरा फक्त सा ग प मधलेच सूर घेतो, बाहेर पाऊल नाही. पहिल्या तालमीला मला वाटलं, अरे हा तर तानपुरा, गळ्यांचा. म्हटलं आता आपलंच राज्य.

कसलं काय. तालीम पियानोवर होते आणि पियानोचा गंधार चढा, आपल्यापेक्षा चौदा सेंट वर (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर). बुवांनी वर्षभर तोच एक सूर घासून घेतला होता ना आपल्याकडून, तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो. मी तो लावला की क्वायर बसवणाऱ्या बाई थांबवतात, "बेस, खाली जाताय." बरं, पियानो बंद केला की त्याच म्हणतात शेवटचा गंधार जरा उतरवा, म्हणजे वाजेल. मग मघाशी मी काय करत होतो! दर वेळी शेवटी आख्खा क्वायर जवळजवळ अर्धा सूर उतरलेला असतो आणि सगळे बेसकडे बघतात, बेस माझ्याकडे.

तेही चाललं असतं. पण परवा घरी तानपुऱ्याचं ॲप लावून यमन घेतला तर गंधार वर लागला. दोनदा. नि रे ग म्हटलं की ग वरच जाऊन बसतो, खाली खेचला की खोटा वाटतो. घाम फुटला मला. तू म्हणायचास, मी सूर "शोधून" लावतो, कळतोच असं नाही. त्यावरून आपण सवाईच्या मांडवाबाहेर भांडलो होतो, चहाचे पैसेही मीच दिले होते. आता वाटतं तू खरा होतास की काय. (खरा नव्हतास.)

सोडून देईन म्हणतो, पण पाचवा अँटिफोन आडवा येतो. 'ओ मॉर्गनस्टर्न', पहाटतारा. षड्ज, म्हणजे सा, पेटीच्या पांढरी तीनचा. काही आवाजांना मायनर, काहींना मेजर, म्हणजे कोमल गंधार आणि शुद्ध गंधार, पांढरी पाच आणि काळी चार, एकाच वेळी! जोग रागात दोन्ही येतात, पण एकमेकांना वाट देऊन. इथे अंगाला अंग लावून उभे. पहिल्यांदा वाटलं कोणीतरी चुकलंय. मग अंगावर काटा आला रे. बुवांनी आपल्याला खोलीबाहेर काढलं असतं, आणि मग दाराआडून ऐकत बसले असते.

कार्यक्रम झाला की दोन फाइली पाठवतो, एक पाचव्याची, एक माझ्या यमनची. यमन आधी ऐक आणि खरं काय ते सांग, मन राखू नकोस.

काकूंचा गुडघा कसा आहे? नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला की बिल्डर अजून तारखाच देतोय? चिनूला म्हणावं जर्मन शिकायचं असेल तर खुशाल शिक, पण मला विचारू नको, मला फक्त प्रार्थनेतलं येतं.

आणि या वेळी अंगठा दाखवलास तर बघ.

तुझा,
नंद्या