शिक्षेचा फेरविचार म्हणजे दयेचा अर्ज नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात कॅलिफोर्नियाची एक छोटी बातमी होती, खुनाच्या प्रयत्नातल्या कैद्याची शिक्षा बदलायला कोर्टाने नकार दिला आणि तो आता अपीलमध्ये गेलाय, पण हेडिंग असं की जणू गुन्हेगाराचे लाड चाललेत. मी इंदूरच्या कोर्टात बाबूगिरी करून रिटायर झालो, म्हणून राहवलं नाही.

शिक्षा बदलून मागायचा असा अर्ज म्हणजे दयेचा अर्ज नसतो हो. तिथे आधी असं होतं की तुम्ही मारामारीला सोबत गेलात आणि साथीदाराने अचानक पिस्तूल काढून गोळी घातली, तर "असं होऊ शकतं हे कोणालाही कळलं असतं" म्हणून खुनाचा प्रयत्न तुमच्यावरही लागायचा, तुमच्या मनात जीव घ्यायचं होतं की नाही हे सिद्धच करावं लागायचं नाही. खुनाच्या केसमध्ये हे २०१९ पासून बंद झालं, आणि २०२२ पासून खुनाच्या प्रयत्नात शिक्षा झालेले जुने कैदीही अर्ज करू शकतात, सरकारी वकिलाशी सौदा करून गुन्हा कबूल केलेलेसुद्धा (कॅलिफोर्नियाच्या पीनल कोडचं कलम ११७२.६, कोणाला बघायचं असेल तर).

अर्ज केला की सुटला असं मुळीच नाही. ज्याने स्वतः मारायच्या इराद्याने गोळी झाडली त्याला काही मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण पहिल्या टप्प्यात जजने पुरावा तोलत बसायचं नसतं, जुन्या नियमाने शिक्षा झाली असू शकते का एवढंच बघायचं, मग सुनावणी, आणि तिथे आजच्या कायद्याने गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारी वकिलाची. अपीलमध्ये बरेचदा भांडण हेच असतं की जजने पहिल्याच पायरीवर दार लावलं. वकील सरकारी खर्चाने मिळतो, पण त्याला मुद्दा सापडला नाही तर कैद्याने ३० दिवसांत स्वतः लिहून द्यायचं, नाहीतर कोर्ट अपील काढून टाकू शकतं. लाड कुठले यात?

आपल्याकडचं बघा. सांवेर-देपालपूरकडे बांधावरून भांडण होतं, कोणाची तरी लाठी डोक्यात बसते आणि एफआयआरमध्ये काका-पुतण्यासकट सगळ्या घराची नावं, धारा ३०७ (खुनाचा प्रयत्न) आणि सोबत १४९ (बेकायदा जमाव). पाच जणांचा बेकायदा जमाव झाला आणि असं घडू शकतं हे माहीत होतं, की सगळे धरले. नुसत्या बघ्याला कोर्ट सोडतं हे खरं, तरी सुक्याबरोबर ओलंही जळतं. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत ३०७ चं १०९ झालं, १४९ चं १९०, नंबर बदलले, मतलब तोच. आणि अपील, सुप्रीम कोर्ट, रिव्ह्यू संपलं की अशा माणसाच्या हातात सरकारकडे माफी मागण्यापलीकडे फारसं काही उरत नाही, म्हणजे खरा दयेचा अर्ज आपल्याकडे आहे!

तेव्हा पुढच्या वेळी बातमीत निदान अर्ज कोणत्या टप्प्यावर फेटाळला तेवढं छापा. आणि हायकोर्टाच्या इंदूर बेंचमधले मराठी वकील तुमचा पेपर वाचतात, त्यांच्यापैकी कोणी १४९ वर लिहिलं तर फार बरं होईल.

– एक रिटायर्ड कोर्ट बाबू, लोकमान्य नगर, इंदूर