बंडगार्डनचा बंधारा विसरू नका

संपादक महोदय,

पुण्यातल्या बागांवर काही छापून आलं की सारसबाग असते, एम्प्रेस गार्डन तर असतंच, आणि बंडगार्डनला, म्हणजे आताच्या महात्मा गांधी उद्यानाला, शेवटी कुठेतरी दोन ओळी मिळतात, त्यात पण हिरवळ, झाडं, मुलांची खेळणी, संपलं. म्हणून लिहितोय. या बागेची खरी गोष्ट शेजारी नदीत आहे आणि ती कोणी सांगतच नाही.

शहरात पेशव्यांच्या काळापासून कात्रजच्या तलावाचं पाणी नळातून हौदांमध्ये यायचं, पण कॅम्प, म्हणजे इंग्रजांची लष्करी वस्ती, वाढला आणि तिकडे पाण्याची अडचण व्हायला लागली, मग मुळा-मुठेवर बंधारा घातला गेला आणि त्यासाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मोठी देणगी दिली. हो तेच, मुंबईच्या जेजे हॉस्पिटलवाले! १८५० मध्ये बंधारा पूर्ण झाला आणि बाग त्याच्या काठावर आली. इंग्रजांच्या काळात इथे बँड वाजायचा, साहेबलोक संध्याकाळी फिरायला यायचे. पुढे १८७९ ला खडकवासल्याचं धरण झालं आणि पिण्याच्या पाण्यासाठी या बंधाऱ्याची गरज हळूहळू कमी झाली, पण पाणी अडवायचं काम काही थांबलं नाही. त्याचा फुगवटा पार मुळा-मुठेच्या संगमाच्या बाजूला जातो, तिथे सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, बोट क्लब आहे आणि १९२८ पासून त्यांची रेगाटा, म्हणजे बोटींचा उत्सव, होते. नदीत बोटी चालवायला संथ, भरलेलं पाणी लागतं, ते असं अडवल्यामुळेच मिळतं, हे किती पुणेकरांना माहीत असेल?

बागेला लागूनच फिट्झगेराल्ड पूल आहे, १८६७ चा, कॅप्टन सेलन नावाच्या इंजिनिअरने बांधलेला, दगडी कमानींचा आणि दोन्ही टोकांना सिंह. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हाचं पाणी याच पात्रातून पुढे गेलं आणि हा पूल आजही उभा आहे. माझ्या मते पुण्यातला सगळ्यात देखणा पूल हाच. पूल ओलांडून नगर रोडने थोडं पुढे गेलात की आगाखान पॅलेस, जिथे कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या आहेत. बाग, बंधारा, पूल, पॅलेस हे सगळं एका सकाळी आरामात बघून होतं, शाळांच्या सहली लांब लांब जातात आणि हे मात्र राहूनच जातं.

आणि पक्षी! बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी उथळ आहे, दगड, गाळ, मधेमधे गवत, त्यामुळे बगळे, पाणकावळे, शेकाटे, हळदीकुंकू बदकं दिसतात, हिवाळ्यात पाहुणे पण येतात. पलीकडच्या काठावर डॉ. सालीम अलींच्या नावाची जागा आहे तिथे तर पक्षीनिरीक्षक वर्षानुवर्षं जातायत. नदीत सांडपाणी येतं, जलपर्णी माजते, वास येतो हे खरंच आहे, ते साफ व्हायलाच पाहिजे. पण साफ करणं वेगळं आणि काठ सरळ करून दगड-सिमेंटने बांधून काढणं वेगळं. उथळ चिखलाचा काठ गेला की चिखलात चोच घालून खाणारे पक्षी कुठे जाणार?

सध्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पाचं काम चालू आहे आणि बंडगार्डनचा पट्टा त्यात येतो. लोकांना नदीकाठी चालायला मिळावं हे मलाही पाहिजे. फक्त इथे काम करताना बंधारा आणि पूल एकत्र धरून वारसा म्हणून जपावेत, खालचा उथळ भाग पक्ष्यांसाठी आहे तसा सोडावा आणि बागेतून बंधारा सरळ दिसेल अशी जागा मोकळी ठेवावी, तिथे मराठीत मोठ्या अक्षरात बंधाऱ्याची माहिती लावावी, जमशेटजींच्या नावासकट. आपल्या पेपरने या एका बागेवर रविवारी पानभर मजकूर छापला, जुन्या फोटोंसकट, तर हे सगळं जास्त लोकांपर्यंत जाईल.

– एक नियमित वाचक, पुणे