भाऊजींना फुरसं चावलं तेव्हा

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला "काका बरे आहेत" एवढंच सांगितलं. भाऊजी समोरच बसले होते, त्यांच्यापुढे मला बोलवेना. आता ते जेवून पडलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

हरतालिकेला सकाळी ते माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांचं, सामान आणायला कातळाच्या सड्यावर गेले. हरणं, कवंडळं असा माटोळीचा रानमाल मिळाला, आणि परतताना गडगा उतरायला म्हणून दगडावर हात टेकला, तर बोटाला फुरसं चावलं. खळ्यात आले ते उजवा हात डाव्या हाताने धरूनच. "वयनी, माका फुरसा चावला," म्हणाले आणि मटकन बसले. कवंडळांची पिशवी मात्र खांद्यालाच!

मंदार खरं तर आदल्या रात्री पोचायचा. रेल्वेचं तिकीट मिळालं नाही म्हणून गाडी काढली आणि चाकरमान्यांच्या गर्दीत महामार्गावर रात्रभर अडकला. सगळ्यांना शिव्या घालतच सकाळी दारात उतरला. तो वेळेवर आला असता तर त्या घटकेला गाडी घेऊन मूर्ती आणायला गणपतीच्या शाळेत, मूर्ती घडवतात तिथे, गेला असता, आणि आम्ही इथे रिक्षा शोधत बसलो असतो. त्याच्या हातातला चहा अर्धाच झाला होता.

तोवर वाडी जमली. एकजण सुंभ घेऊन हात आवळायला आला, दुसऱ्याला भगताकडे माणूस पाठवायचा होता, पोरं काठ्या घेऊन फुरसं मारायला निघाली. मंदारने कुणाचं काही चालू दिलं नाही. बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, काकांना चालवायचंसुद्धा नाही. आधी बोटातली पोवळ्याची अंगठी साबण लावून काढली, कारण बोट सुजायला लागलं होतं. काढताना भाऊजी ओरडले ते दुखलं म्हणून की ज्योतिषाची अंगठी गेली म्हणून, देव जाणे. मग हात फळीला सैलसर बांधून, त्यांना उचलूनच गाडीत ठेवलं.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी थोडं रक्त काचेच्या कोऱ्या नळीत घेतलं आणि ती नळी टेबलावर ठेवून दिली. २० मिनिटं हात लावायचा नाही. चांगलं रक्त तेवढ्या वेळात गोठतं. वेळ झाल्यावर त्यांनी नळी तिरकी केली, तर रक्त कोकमाच्या आगळासारखं खाली वाहिलं. एव्हाना हिरड्यांतूनही रक्त दिसायला लागलं होतं. फुरशाचं विष रक्त गोठूच देत नाही. मी विचारलं, साप बघायला आणायला हवा होता का? त्या म्हणाल्या, काही गरज नाही, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर हेच औषध. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तापासून करतात.

औषध पावडरीच्या रूपात येतं. पाणी घातल्यावर कुपी जोरात हलवली तर फेस होतो, म्हणून सिस्टर एकेक कुपी दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवत होत्या. मला वाटत होतं, अगं बाई, जरा भरभर कर! पण त्या शांत. अशा १० कुप्या सलाईनमधून तासाभरात दिल्या. या औषधाचीच कधी कधी रिॲक्शन येते, म्हणून शेजारी दुसरं इंजेक्शन भरून तयार ठेवलेलं. सहा तासांनी पुन्हा नळी पाहिली. अजून गोठत नव्हतं, म्हणून आणखी औषध चढवलं. रात्री तिसऱ्यांदा नळी तिरकी केली तेव्हा रक्त जागचं हललं नाही. मंदार तिथेच बाकावर आडवा झाला आणि घोरायला लागला.

सगळे म्हणतात, गणपतीनेच तारलं. मीही हात जोडले. पण औषध तालुक्याला कपाटात होतं, ते देणारी बाई सणाच्या आदल्या दिवशी ड्युटीवर होती आणि मंदारने कुणाचं ऐकलं नाही, हेही मी सगळ्यांना सांगते. भगताकडे गेलो असतो तर काय झालं असतं, ते या वाडीला ठाऊक आहे.

भाऊजी गौरी जेवायच्या आधी घरी आले. बोटाची कातडी अजून काळी आहे, ड्रेसिंग चालू आहे. माटोळी वाडीतल्या पोरांनी बांधली, वाकडी.

दिवाळीला येशील तेव्हा गमबूट आणि जाड हातमोजे आण. काकांना विचारलं तर म्हणाले, "हाताक चावला, पायाक बूट कित्याक?" ते काही घालायचे नाहीत. तेव्हा बूट माझ्याच मापाचे आण, ५ नंबर. आणि मंदारला एकदा फोन कर.

तुझी,
आई