रेपो घटला, ठेवींचे काय?

रेपो दरातील (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते, त्या दरातील) कपातीचा लाभ बँका कर्जदारांपर्यंत पोहोचवत नाहीत, अशी टीका करणारा अग्रलेख वाचला. टीका अर्धीच पटली. २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला हे खरे. पण कर्जासाठीचा पैसा बँका रिझर्व्ह बँकेकडून नव्हे, तर मुख्यतः ठेवीदारांकडून उभा करतात. मुदत ठेवीवर कबूल केलेले व्याज मुदत संपेपर्यंत द्यावेच लागते. नव्या ठेवींचे दर फार खाली आणले, तर ठेवीदार पोस्टाची नाहीतर म्युच्युअल फंडाची वाट धरतो. पीपीएफचा दर त्या वर्षभर ७.१ टक्क्यांवरून हलला नाही, आणि तो सरकारच ठरवते.

पण म्हणून बँका निर्दोष ठरत नाहीत. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य मापदंडाशी जोडणे बंधनकारक झाले. आधीची अनेक कर्जे मात्र ‘एमसीएलआर’वरच, म्हणजे बँक स्वतःच्या निधीखर्चावरून ठरवते त्या दरावरच राहिली. माझे २०१७ चे कर्ज त्यांतलेच. शेजाऱ्याचे कर्ज २०२१ चे, त्याचा दर तीन महिन्यांत उतरला. मी शाखेत चौकशी केली तेव्हा कळले की, माझ्या दराचा फेरआढावा वर्षातून एकदाच, आणि रेपोशी जोडून घ्यायचे तर अर्ज व शुल्क. आपणहून कोणी कळवले नव्हते. जुन्या कर्जदारांना हा पर्याय लेखी कळवणे रिझर्व्ह बँकेने सक्तीचे करावे.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई