खर्च वाढला म्हणजे नक्की काय वाढलं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरातलं अर्थकारणाचं पान मी रोज वाचतो, कॉलेजात कॉमर्स शिकवायचो तेव्हापासूनची सवय आहे, म्हणून हे पत्र जरा हक्काने लिहितोय. तक्रार एकच आहे. अमेरिकेत ग्राहकांचा खर्च वाढला, चीनमध्ये विक्री मंदावली, ब्रिटनमध्ये घटली अशा बातम्या येतात, त्यावरून जग मंदीत जाणार की नाही याचा अंदाजही दिला जातो, पण वाढलं म्हणजे नेमकं काय वाढलं हे मात्र कुठेच नसतं.

आता बघा, अमेरिकेचे रिटेल विक्रीचे जे आकडे दर महिन्याला येतात त्यातून महागाई वजा केलेली नसते. नुसते डॉलर मोजलेले असतात. जून 2022 मध्ये तिथे महागाई 9.1 टक्के होती. अशा वेळी विक्री 8 टक्के वाढली असं कोणी छापलं तर वाचणाऱ्याला वाटतं लोक जोरात खरेदी करतायत, आणि प्रत्यक्षात पिशवीतला माल आदल्या वर्षीपेक्षा कमीच झालेला असतो, फक्त बिल मोठं झालेलं असतं. ब्रिटनचं उलट आहे, तिथला हेडलाइनचा आकडा मालाच्या प्रमाणाचा, म्हणजे महागाई काढून दिलेला असतो. तिथे महागाई ऑक्टोबर 2022 मध्ये 11.1 टक्क्यांवर गेली, त्या काळात लोक कोविडच्या आधीपेक्षा जास्त पैसे मोजून कमी वस्तू घरी आणत होते आणि तो आकडा ते सरळ दाखवत होता. मग हे दोन देश एकाच तक्त्यात शेजारी शेजारी टाकून अमेरिका पुढे, ब्रिटन मागे असं कसं म्हणता येईल? चीनचा आकडाही नुसता युआनमध्ये (तिथल्या चलनात) मोजलेला, महागाई न काढता दिलेला असतो, त्यात सरकारी आणि इतर संस्थांनी केलेली काही खरेदीही धरलेली असते. आणि रिटेल विक्री म्हणजे अख्खा ग्राहक खर्च नव्हेच, घरभाडं, डॉक्टर, शिक्षण यातलं त्यात काही येत नाही.

एवढं बारीक का बघायचं असं कोणी म्हणेल. कारण अमेरिकेच्या जीडीपीत (देशाच्या एकूण उत्पादनात) घरगुती खर्चाचा वाटा दोन तृतीयांशापेक्षा जास्त आहे, जपान-जर्मनीत साधारण निम्मा, चीनमध्ये 40 टक्क्यांच्या आसपास. अमेरिकन माणसाने हात आखडला तर त्याला माल विकणारे सगळे देश हलतात, म्हणून तो खर्च कशाच्या जोरावर करतोय हे कळणं गरजेचं आहे.

मला खरं तर याच मुद्द्यावर जास्त बोलायचंय. जून 2022 मध्येच मिशिगन विद्यापीठाचा ग्राहकांच्या मनःस्थितीचा निर्देशांक 50 वर आला, तोपर्यंतचा सगळ्यात खालचा, आणि तरीही लोक खर्च करत राहिले. बऱ्याच जाणकारांना याचं कोडं पडलं होतं. पण 2020-21 मध्ये सरकारने माणशी 1200, मग 600, मग 1400 डॉलरपर्यंतचे चेक पाठवले होते, एप्रिल 2020 मध्ये तर तिथला बचतीचा दर 30 टक्क्यांच्या वर गेला होता, ते साठलेलं लोक पुढे बराच काळ मोडत होते. शिवाय तिथे घराचं कर्ज बहुतेकांचं 30 वर्षं एकाच व्याजदराचं असतं, त्यामुळे फेडने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) मार्च 2022 ते जुलै 2023 मध्ये दर जवळपास शून्यावरून 5.25 ते 5.50 टक्क्यांवर नेले तरी जुन्या घरमालकाचा हप्ता हलला नाही. ब्रिटनमध्ये बहुतेकांचं व्याज दर दोन किंवा पाच वर्षांनी नव्याने ठरतं, तिथे मुदत संपली की हप्ता एकदम वाढला. व्याजदर दोन्हीकडे वाढले पण घरातल्या बजेटवर परिणाम वेगवेगळा, आणि हे बातमीत कधी दिसत नाही. पुढे 2023 मध्ये अमेरिकेतली क्रेडिट कार्डवरची एकूण उधारी 1 लाख कोटी डॉलरच्या पुढे गेली. आणि एका अंदाजानुसार तिथला साधारण निम्मा खर्च उत्पन्नात सगळ्यात वरची 10 टक्के घरंच करतात, मग शेअर बाजार चढला की खर्च वाढलेला दिसणार आणि बाकीच्या 90 टक्क्यांच्या घरात काय चाललंय ते त्या एका आकड्यात बुडून जाणार.

खर्च भीतीपोटीही वाढतो हे पण लक्षात घ्या. जपानने एप्रिल 2014 मध्ये विक्रीवरचा कर 5 वरून 8 टक्के केला, त्याआधी दुकानांत झुंबड उडाली आणि नंतर खप कोसळला. 2025 मध्ये अमेरिकेत आयात शुल्काच्या धसक्याने लोकांनी गाड्या आधीच घेऊन ठेवल्या, तेही त्यातलंच. अशी वाढ बघून परिस्थिती सुधारली असं लिहिणं मला तरी पटत नाही.

चीनबद्दल लिहिताना तर लोक खर्च करत नाहीत असं अगदी त्यांच्या स्वभावाचा दोष असल्यासारखं लिहिलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. तिथल्या कुटुंबांची बहुतेक पुंजी घरात अडकलेली, 2021 पासून घरांच्या किमती पडतायत, जून 2023 मध्ये शहरी तरुणांची बेकारी 21.3 टक्के झाली (त्यानंतर काही महिने तो आकडा देणंच बंद होतं, मग विद्यार्थी वगळून नव्या पद्धतीने सुरू झाला), आजारपणाची आणि म्हातारपणाची सोय अपुरी, मग माणूस पैसे धरून ठेवणार नाही तर काय करणार? जुनी वस्तू देऊन नवी घ्या म्हणून सरकारने 2024 मध्ये 150 अब्ज युआन दिले आणि 2025 मध्ये ते दुप्पट केले, पण ज्याने यंदा फ्रिज बदलला तो पुढच्या वर्षी परत बदलणार नाही. जपानमध्येही एप्रिल 2022 पासून मे 2024 पर्यंत सलग 26 महिने महागाई वजा जाता पगार घटत होते, अशा घराला खर्च करा म्हणून सांगून काय उपयोग.

म्हणून विनंती आहे की ग्राहक खर्चाची बातमी देताना त्यासोबत महागाई वजा जाता पगार किती वाढला आणि बचतीचा दर काय हे पण द्यावं. पानावर जागा कमी असते हे मला कळतं, तेवढी नसेल तर निदान आकड्यापुढे ‘महागाई वजा न करता’ एवढे चार शब्द तरी छापा.

आपला नम्र,
एक नियमित वाचक