ट्रॉलीचे स्वतःचे वजनही धरावे

महोदय,

कळमना बाजाराच्या रस्त्यावर परवा संत्र्यांनी खचाखच भरलेली दोनचाकी ट्रॉली ओढताना एका ट्रॅक्टरची पुढची चाके वीतभर उचललेली मी पाहिली. चालक मात्र ‘इंजिन ओढते ना!’ म्हणून निश्चिंत होता. इंजिन ओढेलही, पण ब्रेक थांबवतील का? नोंदणी प्रमाणपत्रावरील कमाल वजनात मालासोबत ट्रॉलीचे स्वतःचे वजनही धरलेले असते, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. शिवाय माल फार पुढे रचला तर हुकावर भार येऊन ट्रॅक्टरचे तोंड उचलते, मागे रचला तर हूकच वर खेचला जातो. मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनुसार जादा वजनासाठी 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. बाजार समितीने धर्मकाट्याची पावती फाटकावरच तपासावी.

— एक वाचक, नागपूर