तो नळ रोज सोडू नकोस

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काल फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. बोलता बोलता तू म्हणालास, "रोज सकाळी घर तापवणाऱ्या बॉयलरच्या पाण्याच्या प्रेशरचा काटा खाली आलेला असतो. मी नळ सोडून पाणी भरतो, मग दिवसभर चालतं." ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण मागचा अख्खा हिवाळा मी हेच केलं. फोनवर घाईत सगळं नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

बॉयलरमध्ये तापलेलं पाणी पंप सगळ्या रेडिएटरांतून, म्हणजे खोल्या गरम करणाऱ्या लोखंडी पॅनेलांतून, फिरवतो, निवलेलं पाणी परत बॉयलरकडे येतं आणि पुन्हा तापतं. वर्षानुवर्षं तेच पाणी. नव्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो. तो आतल्या लोखंडाला थोडा गंज चढवतो आणि संपतो. त्यानंतर ते पाणी फारसा त्रास देत नाही. तू रोज ताजं पाणी भरतोस तेव्हा रोज ताजा ऑक्सिजन आत सोडतोस. शिवाय पाण्यात घातलेलं गंजरोधक औषध दिवसेंदिवस पातळ होत जातं. मग गंजाचा बारीक काळा गाळ तयार होतो, रेडिएटरच्या तळाशी बसतो, पंपात शिरतो, बॉयलरच्या अरुंद वाटा बुजवतो. माझ्या बैठकीतल्या रेडिएटरमधून निघालेलं पाणी शाईसारखं काळं होतं. ते बघून मला खरंच वाईट वाटलं. वेळीच थांबलो असतो तर त्यातलं बरंच टळलं असतं.

तुझी वरची खोली तापत नाही म्हणालास. आधी रेडिएटरवर वरपासून खालपर्यंत जपून हात फिरव. खाली गरम आणि वर गार असेल तर हवा अडकली आहे. वर गरम आणि तळाला मधोमध गार असेल तर गाळ. अख्खाच गार असेल आणि शेजारचे तापत असतील, तर रेडिएटरच्या व्हॉल्व्हवरचं तापमान लावायचं फिरतं डोकं काढून खालची पिन बघ. उन्हाळाभर बंद राहिली की ती खाली दाबलेल्या स्थितीतच अडकून बसते. बोटाने हलकेच दाबून सोडली की बहुधा मोकळी होते. पकडीने उपटू मात्र नकोस.

हवा काढायची तर हीटिंग बंद कर, रेडिएटर निवू दे, खाली फडकं धर आणि रेडिएटरच्या वरच्या टोकाच्या हवेच्या स्क्रूला किल्ली लावून पाव फेरा फिरव. फुसफुस थांबून पाणी आलं की लगेच बंद. त्यानंतर काटा थोडा उतरतो, तेवढ्यापुरतं पाणी भरलंस तर काही बिघडत नाही. पण एकाच रेडिएटरमध्ये दर आठवड्याला हवा साठत असेल तर ती साधी हवा नसेलही. आत गंज चालू असला की हायड्रोजन तयार होतो, आणि तो पेट घेतो. जवळ मेणबत्ती, काडी काही नको.

आता पाणी जातं कुठे? मी प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवले, सकाळी सगळे कोरडे. उत्तर सापडलं ते घराबाहेर. भिंतीतून बाहेर आलेली तांब्याची एक छोटी नळी आहे, तिच्यातून हीटिंग चालू असतानाच थेंब पडत होते. बंद असताना बघायला गेलो असतो तर कधीच दिसलं नसतं.

पाणी १० अंशांवरून ७० अंशांवर गेलं की साधारण २ टक्के फुगतं. घरात १०० लिटर पाणी फिरत असेल तर २ लिटरांहून थोडी जास्तच जागा लागते. ती जागा देते एक्स्पान्शन टँक: आत रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. माझ्या टँकमधली हवा गेली होती. मग फुगलेल्या पाण्याला जागाच उरली नाही. गार असताना १.२ बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) असलेला काटा तापल्यावर ३ बारला भिडायचा, जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडायचा, त्या तांब्याच्या नळीतून पाणी बाहेर. रात्री सगळं निवलं की काटा शून्यावर, आणि सकाळी मी पुन्हा नळाशी! मेकॅनिकने टँकच्या व्हॉल्व्हची पिन दाबून पाहिली. पाणी आलं असतं तर पडदा फाटलेला, टँकच बदलावा लागला असता. पाणी आलं नाही, म्हणून पाण्याचा दाब पूर्ण उतरवून त्याने हवा भरली. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र बदलला, कारण सारखा उघडून त्याच्यात कचरा अडकला होता आणि तो नीट बसत नव्हता.

तुझ्याकडे हेच असेल असं मी म्हणत नाही. दोन दिवस काटा लिहून ठेव: गार असताना किती, पूर्ण तापल्यावर किती. तापल्यावर तो दोनच्या आसपास थांबत असेल तर टँक बहुतेक ठीक आहे, पाणी दुसरीकडे जातंय. मग रात्री हीटिंग बंद करून बॉयलरखालचे पाणी जाण्यायेण्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद कर. प्रेशरचा काटा बॉयलरमध्येच बसवलेला असेल आणि तरीही सकाळी तो पडला, तर गळती बॉयलरमध्ये. टिकला, तर नळ्यांमध्ये किंवा रेडिएटरांमध्ये. हीटिंग लावण्याआधी ते दोन्ही व्हॉल्व्ह आठवणीने उघड.

बॉयलरचं झाकण मात्र काढू नकोस. गॅसचं काम परवाना असलेल्या माणसाचंच. आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्याचा अलार्म घरात नसेल तर याच आठवड्यात लाव. मुलं घरात आहेत, यात चालढकल नको.

काट्याचे आकडे आणि त्या बाहेरच्या नळीचं काय दिसलं ते रविवारपर्यंत कळव, मी वाट बघतोय. मेकॅनिक येईल तेव्हा मलाही फोनवर घे. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना सोबती